हळद दिसते, पाकीट दिसत नाही

आज जरा लांबलचक लिहितोय. विषय आमच्या ख्रिस्ती समाजाचा आहे, पण शेगावात राहणाऱ्या कुणालाच तो परका वाटणार नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस वाद चालला. एका घरच्या लग्नात हळद लागली, बँड वाजला, पोरं नाचली. झालं! "हे जगिक आहे", "विश्वासणाऱ्यांना शोभत नाही", "पाळकसाहेबांनी समज द्यावी" असे मेसेजवर मेसेज. मीही दोन ठिकाणी अंगठा दाबून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी स्टेशन रोडला चहा घेत होतो. टपरीवाला जुना ओळखीचा. सहज म्हणाला, "भाऊ, तुमच्यात हळद नाही चालत म्हनते. मंग हुंडा कसा चालते?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याच लग्नात गाडी दिली-घेतली गेली होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ नव्हती.

जगाशी तडजोड करू नका, हा उपदेश मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचा अर्थ आम्ही काय घेतला? कुंकू नको, सिनेमा नको, प्रसाद नको. म्हणजे जे शेजाऱ्याला दिसतं त्यावर पहारा. जे दिसत नाही तिथे दार सताड उघडं. मुलीच्या बायोडाटात "मूळचे कोण?" हे विचारायला आम्हाला लाज वाटत नाही. मंडळीचा हिशेब दोन-दोन वर्षं वाचला जात नाही, तरी कुणी उठून विचारत नाही. मिशनच्या जुन्या जमिनींवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी कोर्टकज्जे चाललेत, आणि दोन्ही बाजूंना आपलीच माणसं उभी असतात. प्रेषितांची कृत्ये पुस्तकातली हनन्या आणि सप्पीराची गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये पाठ केली. त्यांनीही जमीनच विकली होती. पैसे ठेवून घेणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. थोडे ठेवून "सगळे दिले" असं दाखवणं, हा होता.

आता एका माणसाची आठवण काढतो. शाळेत आपण सगळ्यांनी त्यांच्या कविता शिकलोय. रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. आपल्या शेगाव स्टेशनावरून जी गाडी नागपूरकडे जाते, तोच मार्ग पुढे राजनांदगावला जातो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी नातलग तुटले, संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांत त्या घरानं काय सोसलं, ते 'स्मृतिचित्रे'त आहे.

पण मला टिळकांची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. बाप्तिस्म्यानंतर ते नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. पगार होता, मान होता, 'ज्ञानोदय'चं संपादन होतं. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. आजच्या आमच्या ग्रुपवर ते असते, तर टाळ-चिपळ्यांवरून त्यांनाही "जगिक" म्हणणारे निघाले असते. त्यांना मात्र खरी तडजोड चिपळ्यांत दिसली नाही. मिशनच्या पगारावर राहून आपल्या लोकांना प्रभूची ओळख करून देतोय, यात त्यांना ती दिसली. लोक आपल्याला साधू समजणार की नोकर, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१७ साली, पंचावन्नच्या घरात असताना, त्यांनी पगारी सेवा सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले.

पगार घेणं पाप आहे, असं मी म्हणत नाही. टिळकांनीही वीसेक वर्षं घेतलाच की. पण माझं मीठ कुणाचं आणि माझं तोंड कुणासाठी बंद राहतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आम्ही तो विचारत नाही. आम्ही दुसऱ्याच्या लग्नातली हळद मोजतो.

आता माझं. दुसऱ्यावर बोट दाखवून थांबणं बरं नाही.

काही वर्षांपूर्वी एक निवडणूक होती. कुठली, ते राहू द्या. २००९ च्या विधानसभेपासून 'पेड न्यूज' हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत झालाय, प्रेस कौन्सिलनं त्यावर समितीही नेमली होती. मी तेव्हा त्यावर चढ्या आवाजात बोलायचो. मग एके संध्याकाळी एका उमेदवाराचा माणूस घरी आला. पाच हजारांचं पाकीट. "काही नाही भाऊ, सभेला गर्दी झाली तेवढं लिवा." पोरीची फी थकली होती. लिहिलं. सभेत रिकाम्या खुर्च्या होत्या, मी "अलोट जनसागर" लिहिला.

त्याच रविवारी त्यातले पाचशे रुपये दशांश म्हणून दानपेटीत टाकले. वाटलं, उरलेले साडेचार हजार आता शुद्ध झाले. त्या दिवशी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. आवाज जरासुद्धा कापला नाही. आज मला पाकिटापेक्षा त्या न कापलेल्या आवाजाची जास्त भीती वाटते. दुसऱ्या वेळी पाकीट आलं तेव्हा मनात वादही झाला नाही. तिसऱ्या वेळी मीच फोन केला, "या वेळी काय?"

तडजोडीचा धोका हा असा आहे. ती तुमची श्रद्धा काढून घेत नाही. प्रार्थना, गीतं, नाताळचा तारा सगळं जागच्या जागी राहतं. फक्त टोचणी जाते. आणि घरातली पोरं बघत असतात, की रविवारचे बाबा वेगळे आणि सोमवारचे वेगळे.

कुणी म्हणेल, "आपण मूठभर लोक. नेत्यांशी जुळवून नाही घेतलं तर अडचणीला कोण येईल?" ही भीती खोटी नाही, मला ती रोज जाणवते. पण संबंध ठेवणं वेगळं आणि विकलं जाणं वेगळं. मूठभर लोकांजवळ शब्दाच्या किमतीशिवाय दुसरं असतं तरी काय?

यासाठी लांब जायला नको. आपल्या गावात शिवशंकरभाऊ पाटील होऊन गेले. गजानन महाराज संस्थानचा एवढा मोठा कारभार पाहिला, पण संस्थानचं पाणीसुद्धा घेत नसत, असं सगळं शेगाव सांगतं. ४ ऑगस्ट २०२१ ला ते गेले तेव्हा ती बातमी लिहिताना माझ्या मनात आलं होतं, की आमच्या मंडळीच्या कमिटीत असा एक माणूस हवा. आज म्हणतो, तो एक माणूस शोधायचा कशाला? सुरुवात आपल्यापासून करू.

म्हणून तीन गोष्टी जाहीर सांगतो. येत्या निवडणुकीत माझ्याकडे पाकीट पाठवू नका, परत येईल. पुढच्या मंडळी सभेत मी हिशेब मागणार आहे, आधी माझ्याकडे असलेल्या सहलीच्या वर्गणीचा देऊन. आणि माझ्या पोरीच्या बायोडाटात "मूळचे" हा रकाना नसेल.

ग्रुपवर काय येईल ते येवो. टपरीवाल्याला मात्र सांगून आलोय, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं रे." तो हसला. म्हणाला, "आता तरी चहाचे पैसे तुमचेच ना भाऊ?"

दिले. पावती नाही मागितली.