नव्वद दिवसांचा दाखला

मुंबईतील एखाद्या उत्तुंग इमारतीचा स्लॅब पडण्यापूर्वी वायरमन सळयांच्या जाळीत नळ्या अंथरतो. काँक्रीट पडले की त्याचे काम दृष्टिआड होते आणि तोही पुढच्या साइटवर जातो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी कल्याण मंडळे आली खरी. पण नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याची अट होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. दाखला द्यायचा कोणी? मुख्य कंत्राटदार विद्युत कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, तो पोटकंत्राटदाराकडे. आणि पोटकंत्राटदाराजवळ हजेरीपट असलाच तर तो कामगाराच्या दृष्टीस पडत नाही.

उपकर मात्र बांधकाम-खर्चावर बिनबोभाट जमा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सरकारांना फटकारले तेव्हा देशात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली होती. खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी! विजेच्या धक्क्याने दगावलेल्या, पण नोंदणी नसलेल्या वायरमनच्या विधवेला यातले काय मिळणार?

उपकर भरतानाच, पोटकंत्राटदारांच्या माणसांसह, साइटवरील प्रत्येकाची हजेरी मंडळाकडे देण्याचे बंधन मुख्य मालकावर घातले पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी साइटच्या फाटकावर उभे राहून प्रत्येक कामगाराची हजेरीवही तारीखवार भरवून घ्यावी.