"काही नाही होत जी!"

विद्यार्थीमित्रांनो, अड्याळहून भंडाऱ्याकडे किंवा पवनीकडे निघालेल्या एखाद्या मोटारीत बसा आणि मागच्या सीटवरच्या काकांना आसनपट्टा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला सीट बेल्ट, लावायला सांगून पाहा. बहुधा उत्तर येईल, "काही नाही होत जी! इथंच तं जायचं आहे."

या उत्तराला हसू नका. काकांनी आजवर हजारो वेळा पट्ट्याशिवाय प्रवास केला आणि दर वेळी ते सुखरूप घरी आले. अनुभवावरून अनुमान काढा, असे आम्ही शिक्षक विज्ञानाच्या तासाला सांगतो. काकांनी तेच तर केले. मग चुकले कुठे?

पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या मोटारप्रवासाबद्दल याच प्रश्नाचा विचार केला. तिथल्या त्या काळच्या हिशेबाने साधारण ३५ लाख फेऱ्यांमागे एकदा प्राणघातक आणि १ लाख फेऱ्यांमागे एकदा अपंग करणारा अपघात होई. म्हणजे आजच्या एका फेरीला काही होणार नाही, हे जवळजवळ खरेच! पण माणूस एक फेरी करून थांबत नाही. ५० वर्षांत त्याच्या ४०,००० फेऱ्या होतात. तेवढ्या फेऱ्या धरल्या तर मृत्यूची शक्यता शंभरात एक आणि गंभीर दुखापतीची तिघांत एक इतकी होते. (४०,००० भागिले १ लाख म्हणजे शंभरात ४०, मग तिघांत एक कसे, हे बारावीतल्या ताईला विचारा.) आयुष्यभराचे हे आकडे ज्यांना दाखवले, त्यांचा पट्टा लावण्याकडे कल वाढलेला दिसला. आपल्याकडचे रस्ते आणि वाहने वेगळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. हिशेबाची रीत मात्र तीच.

आता दुसरी फसवणूक पाहा. आई मागच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसते. गाडीने जोरात ब्रेक लावला तरी ती बाळाला सावरते, कारण तेव्हा १० किलोच्या बाळाची ओढ तीन-चार किलोंची असते. हातांना हा अनुभव पाठ झालेला असतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ट्रकवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर हीच ओढ सुमारे १७० किलोंची होते. पावणेदोन क्विंटल धान एका क्षणात कोणी हातांवर तोलू शकेल का? खुद्द आईचे शरीरही त्याच वेगाने पुढे फेकले जाते. १४ मीटर उंचीवरून पडावे तसा हा आघात. (मोठ्यांचा पट्टा बाळाच्या मापाचा नसतो; त्याला वेगळे बालआसन लागते.)

"मागे बसणाऱ्याला कशाला पट्टा?" हा समज तर फार पक्का आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी उत्तम होती. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. पट्टा न लावता मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. त्या वर्षी देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा अपघातांत मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते.

आणखी एक कारण कोणी उघडपणे बोलत नाही. पाहुण्याने पट्टा ओढला की चालकाला वाटते, याचा आपल्या हातावर विश्वास नाही! भिडेखातर पाहुणा पट्टा सोडून देतो. "गाडी नदीत पडली तर पट्ट्यात अडकू" ही भीतीही ऐकू येते. पण पाण्यातून बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावे लागते, आणि डोके आपटू न देणे हेच पट्ट्याचे काम.

दंड आहे. त्याने काय होते? चौक आला की पट्टा छातीवर येतो, चौक गेला की सुटतो. गाडीने 'टूं टूं' वाजू नये म्हणून खोटी क्लिपही लोकांनी विकत घेतली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तिची ऑनलाइन विक्री थांबवावी लागली. माझे मत विचाराल, तर शाळेतल्या शपथा आणि घोषवाक्येही याच जातीची आहेत. त्यापेक्षा वरची दोन गणिते नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावीत.

मात्र काळी-पिवळीत दाटीवाटीने बसलेल्या मजुराला दोष देऊ नका. पट्टा आहे तीन जणांना आणि बसले आहेत सहा, तिथे निवड कसली?

आता एक काम. रविवारी गुरुजींना सोबत घेऊन अड्याळच्या एस.टी. थांब्याजवळ, रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी उभे राहा. अर्धा तास फक्त मोटारी पाहा आणि वहीत तीन रकाने करा : चालक, त्याच्या शेजारचा, मागचे. काळ्या काचांमुळे जे दिसणार नाही तिथे प्रश्नचिन्ह करा, अंदाजाने भरू नका. तिसरा रकाना घरी दाखवा, आणि पुढच्या लग्नाला निघताना काकांच्या आधी तुम्ही पट्टा ओढा. काका काय म्हणतात, तेही वहीत लिहा.