सावज, चेटकीण आणि आई

भयपटांना समीक्षकांनी कधी पंक्तीला बसविले नाही. परंतु समाज स्त्रीकडे कसा पाहतो, याची नोंद याच उपेक्षित चित्रपटांनी ठेवली आहे. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सैतानाच्या शापाने राजघराण्यातील स्त्रिया बाळंतपणात दगावतात. ‘वीराना’त (१९८८) चेटकिणीच्या आत्म्याने झपाटलेली तरुणी पुरुषांना भुलवून मारते. एकतर सावज, नाहीतर मोहिनी. तिसरी भूमिका तिच्या वाट्याला क्वचितच आली.

त्याच १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राला करावा लागला, हे येथे आठवावे. पडद्यावर बाईचे भय घातले जात होते आणि पडद्याबाहेर मुलीला जन्मच नाकारला जात होता!

ही विसंगती मराठी भयपटात ठळकपणे उमटली ती विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७). गावाबाहेर उसात वेढलेल्या घरी राहायला आलेली गर्भवती नेहा (पूजा सावंत) भुतांना भिते. खरा धोका मात्र तिची काळजी घेणाऱ्या तुळसाबाईचा असतो. उषा नाईक यांनी साकारलेली ही बाई अंगावर काटा आणते, कारण ती अनोळखी वाटत नाही. मुलगाच हवा, हा हट्ट तिच्या तोंडी किती सहज येतो! कुणी मांत्रिक वा नायक धावून येत नाही. पोटातल्या जिवासाठी झुंजते ती नेहाच.

२०१८च्या ‘स्त्री’ने पुरुषांना घरात कोंडून भरपूर हशा मिळविला. ती उलटापालट रंजक खरी, पण सोपी. ‘लपाछपी’च्या प्रेक्षकाला तशी हसून सुटका मिळत नाही.