उताराला टाकी लावा

७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी धाराशिव जिल्ह्यात मतदान झाले. मतदान केंद्रावर चाकाची खुर्ची चढू शकेल असा उतार असलाच पाहिजे, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. त्यामुळे निवडणूक जवळ आली की साऱ्या शासकीय यंत्रणेला उताराची आठवण होते. मत देऊन घरी परतलेल्या मतदाराला तोच उतार पुढची पाच वर्षे कसा वागवतो, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. गेल्या काही वर्षांत अपंगांचे दिव्यांग झाले, २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावे बदलली. दवाखान्याच्या दारातला गुळगुळीत उतार होता तेथेच आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. संपादकीयाची जागा फरशीच्या घसरणीसाठी का खर्चावी, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याने एकदा भर पावसात कोणत्याही तालुक्याच्या गावी सार्वजनिक इमारतीपाशी तासभर उभे राहावे. बाळंतिणीला धरून नेणारी सासू, कुबडी घेतलेला म्हातारा, पाठीवर पोते घेतलेला हमाल, ओल्या फडक्याने तोच उतार पुसून काढणारी सफाई कामगार हे सारे तेथून जातात. ज्यांची मोटार थेट पोर्चमध्ये येते त्यांचा पाय त्या उताराला लागत नाही. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर अनेकांच्या बाबतीत चालणे कायमचे थांबते, आणि हातावर पोट असलेल्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की दुसऱ्याची मजुरी बुडते. घसरणे हा दैवाचा भाग नाही; बांधणाराने आणि राखणाराने केलेल्या किंवा न केलेल्या कामाचा तो परिणाम आहे.

उतार निसरडा होतो तो दोन प्रकारांनी. एक तर तो जन्मतःच निसरडा असतो. चकचकीत ग्रॅनाइट किंवा पॉलिश केलेली कोटा फरशी बसवली की उद्‌घाटनाच्या फोटोत काम शोभून दिसते, म्हणून ती बसवली जाते. गवंड्याला मोकळीक दिली तर तो ओल्या सिमेंटवर दोरी दाबून आडवे चर पाडील किंवा खराटा मारून खरबरीतपणा ठेवील. पण त्याला घोटाई करावयास सांगतात. दुसरा प्रकार झिजेचा. चाकांनी आणि पावलांनी वरची रेती घासली जाते, सिमेंटची साय निघून जाते, उरलेला दगड काचेसारखा होतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते.

आपल्या आयाबायांना हे शास्त्र पुस्तकावाचून कळत होते. जाते गुळगुळीत झाले की पीठ पडत नाही. मग टाकी लावणारी बाई दारावरून हाक देत जाई, तिला बसवून घेऊन तळीचे दात पुन्हा उठवून घेतले जात. जाते नवे घेण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. खरबरीतपणा हीच त्या वस्तूची उपयुक्तता होती, आणि तो झिजतो हे गृहीत धरूनच घर चालत होते. आमची सार्वजनिक बांधकामे असे काही गृहीत धरीत नाहीत.

आज हीच टाकी शहरांत वेगळ्या रूपाने लावली जाते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या इमारतींखाली मोटारी ठेवण्यासाठी तळघरे असतात आणि त्यात उतरणारे रॅम्प टायरांनी झिजतात, तेलाने माखतात. ते फोडून पुन्हा बांधण्याऐवजी त्यांवर रेझिनचा लेप देतात. आधी यंत्राने वरचा कमकुवत थर खरवडून काढायचा, तेलाचे डाग उपसायचे, तडे बुजवायचे. मग एपॉक्सीचा प्रायमर, त्यावर एपॉक्सीचा थर, आणि तो ओला असतानाच गारगोटीची, बॉक्साइटची किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची भरड दाट पेरायची. थर आळल्यावर सुटी भरड झाडून घेऊन वरून एक आवरण द्यायचे. उघड्यावर ऊन लागत असेल तर हे शेवटचे आवरण पॉलियुरेथेनचे हवे, कारण निव्वळ एपॉक्सी उन्हात पिवळे पडून भुकटते. साधारण एका दिवसात त्यावर चालता येते, पूर्ण कणखरपणा येण्यास सुमारे आठवडा लागतो. खालचे काँक्रीट ओलसर असेल किंवा खरवडण्यात कसूर झाली असेल तर मात्र सारा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. या कामात सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत आधीचा असतो, आणि ठेकेदार वेळ वाचवितो तो नेमका तेथेच.

मोटारीचे चाक घसरू नये म्हणून जे ज्ञान वापरात आहे ते माणसाच्या पायासाठी वापरायला कोणती हरकत आहे? हिशेब करून पाहावा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान बारास एक असे धरले जाते. जोते दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब होतो. चार फूट रुंदी धरली तर क्षेत्र भरते ७२ चौरस फूट. एवढ्या जागेसाठी जिल्ह्याचे अंदाजपत्रक कोलमडणार नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चावा असा शासनाचा आदेश आहेच.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते, कारण नव्या औषधाचा उत्साह वाटेल त्या दुखण्याला ते पाजतो. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाणारा माणूस पायऱ्या उतरून खोलगट भागातल्या मंदिराकडे जातो, आणि अनवाणी जातो. गोमुख व कल्लोळ तीर्थांचे पाणी पायांबरोबर फिरते. तेथील दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजले आहेत. त्यांच्यावर रेझिन ओतू नये. जुन्या दगडातला ओलावा बाहेर पडू न देणारा थर दगडालाच खातो, आणि शेवटी स्वतःही सुटतो. तेथे पुरातत्त्वाच्या जाणकारांच्या देखरेखीखाली पाथरवटाची टाकी, कठडे, आणि पाणी साचू न देणारी वाट हाच उपाय. रेझिनची जागा काँक्रीटच्या उतारावर, दवाखान्यात, शाळेत, बसस्थानकात. चकचकीत फरशी असेल तर ती काढणे किंवा तिला चर पाडणे हे लेपाहून शहाणपणाचे.

कायद्याची उणीव आहे असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विद्यमान सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ चे. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात या नियमांतील पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि नुसत्या शिफारशी न करता बंधनकारक किमान मानके ठरवा, असे केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत घालून बजावले. परंतु उतार ‘आहे’ की नाही एवढेच जर तपासनीस पाहणार असेल, तर निसरडा उतारही तक्त्यात बरोबरची खूण मिळवून जाईल. २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्याला अशा तक्त्यांची सवय चांगलीच झाली आहे. ब्रिटनमध्ये लोलकाला रबराची पट्टी लावून ओल्या फरशीवरून झुलवतात आणि घर्षणाचा आकडा काढतात. ३६ च्या खाली आकडा आला तर घसरण्याचा धोका आहे असे समजतात. असे एक यंत्र जिल्ह्याच्या बांधकाम खात्याकडे का असू नये?

आता ज्याच्या हातून हे काम होणार त्याच्याविषयी. हा जिल्हा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जगला आहे. आजही भूम-परंड्याकडची माणसे ऊस तोडायला जातात, आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवरही या दुष्काळी मुलखातले मजूर दिसतात. तेथे कोरड्या ग्राइंडरने काँक्रीट खरवडणाऱ्याच्या छातीत सिलिकाची धूळ जाते. सिलिकोसिस एकदा जडला की बरा होत नाही, आणि ही धूळ कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच जाहीर केले. एपॉक्सीचा हार्डनर उघड्या हाताला लागत राहिला तर कातडीला अशी ॲलर्जी जडते की त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. पॉलियुरेथेनच्या काही घटकांनी दमा होतो. पाणी मारून किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्रासह खरवडणे, योग्य हातमोजे, नाकाला कपड्याच्या फडक्याऐवजी खरा मास्क यांचा खर्च निविदेत स्वतंत्र ओळीने लिहिला गेला पाहिजे. तो ‘ठेकेदाराच्या दरात समाविष्ट’ असे लिहिले की तो कोठेच नसतो. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसविला गेला, मंडळ स्थापन झाले. पण नोंदणीसाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि आज एका मुकादमाकडे तर उद्या दुसऱ्याकडे राबणाऱ्याला तो दाखला देणार कोण? एकाचा पाय घसरू नये म्हणून दुसऱ्याचे फुप्फुस झिजवावे, हा सौदा आम्हांला मान्य नाही.

डागडुजीला भूमिपूजन नसते, तिची कोनशिला बसत नाही, म्हणून ती मागे पडते. तिचा पाठपुरावा कार्यकर्त्यांनाच करावा लागेल. प्रत्येक शाखेने आपल्या गावातले उतार मोजावेत. जोत्याची उंची, उताराची लांबी, कठडा आहे का, आणि बादलीभर पाणी ओतल्यावर चप्पल टिकते का, एवढी नोंद वहीत करावी, आणि ती ग्रामसभेपुढे व जिल्हा परिषदेच्या बैठकीपुढे ठेवावी. जेथे काम मंजूर होईल तेथे खरवडण्याच्या दिवशी कोणीतरी उभे राहावे. तो दिवस लेप देण्याच्या दिवसापेक्षा महत्त्वाचा आहे. शाळांना सुटी असते म्हणून हे काम मे महिन्यात काढले जाईल, आणि आमच्याकडच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर रेझिन कामगाराच्या हातातच आळू लागते. तेव्हा मिश्रण थोडे थोडे करून पहाटेच्या गारव्यात काम उरकावे लागेल. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि मृगही त्याच सुमारास लागलेला असतो.