अंगणांतील गॅसची शेगडी

गेल्या अंकीं विहिरीच्या गाळाविषयीं लिहिलें, तेव्हां पुढील खेपेस परसांतील फणसाविषयीं लिहीन असें म्हटलें होतें. परंतु मध्यंतरीं आमच्या रेवसच्या घरीं जें घडलें, त्यामुळें फणस मागें ठेवावा लागत आहे. वाचक क्षमा करितील.

मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट २०२० सालीं सुरू झाल्यापासून आमच्या या किनाऱ्यावर मुंबईची मंडळी आपल्या गाड्यांसह येऊं लागली, आणि गाड्यांबरोबर नाना वस्तूही. दोन वर्षांपूर्वीं धाकट्या भाऊजींच्या चिरंजीवानें अशीच एक गॅसची जाळीची शेगडी आणून अंगणांत ठेविली. तिला ग्रिल म्हणतात. खालीं गॅसच्या नळ्या, त्यांवर लोखंडी जाळी, आणि सर्वांवर पेटीसारखें झांकण, अशी तिची घडण. सासूबाईंनीं प्रथम नाक मुरडलें. पण भरिताचीं आठ वांगीं एकदम भाजून निघतात व स्वयंपाकघरांत धूर होत नाहीं हें पाहिल्यावर त्यांचेंही मत पालटलें. पोपटीची लज्जत तिला नाहीं, ती नाहींच. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि मडकें यांची सर गॅसला कोठून येणार? तरी रताळीं, कणसें व पापड यांस ती उत्तम.

ही शेगडी पावसाळाभर पडवींत झांकून ठेविली होती. दिवाळींत सारीं जमलीं, तेव्हां वन्संच्या मुलानें ती अंगणांत ओढली आणि झांकण न उघडतांच कळ फिरविली. पेटेना, म्हणून पुनः फिरविली. तिसऱ्या वेळीं ठिणगी पडतांच 'भप्' असा आवाज झाला व झांकण उडालें. मुलाच्या भुवया करपल्या आणि मनगटावर फोड आले. सासूबाई तुपाची वाटी घेऊन धांवल्या. परंतु माझ्या जाऊबाईंनीं तें लावूं दिलें नाहीं. त्यांनीं मुलाचा हात वीस मिनिटें नळाच्या वाहत्या पाण्याखालीं धरिला, मग स्वच्छ फडकें सैल गुंडाळून त्याला अलिबागेस डॉक्टरांकडे नेलें. डोळे वांचले, एवढीच त्या सणाची गोड गोष्ट.

दुसरे दिवशीं शेगडी उलगडली, तेव्हां कारण कळलें. गॅस जेथें जळणाऱ्या नळींत शिरतो तेथेंच त्यांत हवा मिसळण्याची वाट असते. त्या वाटेंत कुंभारीण माशीनें मातीचें घर बांधिलें होतें व दुसऱ्या नळींत कोळ्याचें जाळें होतें. पुढें जाण्यास वाट नाहीं, म्हणून गॅस मागें परतला आणि बंद पेटींत सांचत राहिला. आमचें अज्ञान असें कीं, जाळी घांसली म्हणजे शेगडी स्वच्छ झाली असें आम्हीं समजत होतों. जाळीच्या मळानें फार तर वांगें कडवट लागेल. जिवाशीं गांठ आहे ती नळीशीं.

तेव्हांपासून घरांत जी रीत घातली आहे ती सांगतें. प्रथम सिलिंडरची कळ बंद करून रेग्युलेटर काढावा, सिलिंडरला त्याचें टोपण लावावें आणि शेगडी पूर्ण थंड होऊं द्यावी. मग नळ्या काढून बाटली धुण्याच्या लांब ब्रशानें आंतून झाडाव्या. ज्वालेचीं भोकें दांतकोरण्यानें मोकळीं करावीं. जेथून गॅस सुटतो त्या पितळी तोटींत मात्र सुई अगर तार खुपसूं नये, कारण तिचें छिद्र केंसभर मोठें झालें तरी गॅस प्रमाणाबाहेर येतो. नळी बसवितांना तिचें तोंड तोटीवर नीट चढलें आहे ना, हें पाहावें. ज्वाला निळी व स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लवलवणारी, काजळी धरणारी असेल तर हवेची वाट पुनः तपासावी.

जाळी घांसण्यास तारेचा ब्रश वापरूं नका. त्याच्या तारा तुटून जाळीस चिकटतात व घांसाबरोबर पोटांत जातात. अमेरिकेंत प्रॉव्हिडन्स येथें मार्च २०११ ते जून २०१२ या अवधींत असे सहा रुग्ण आढळले. कोणाच्या घशांत तार रुतली, तर कोणाच्या आंतड्यास भोंक पडलें. आपल्या घरीं नारळाची शेंडी असतां असली आफत विकत कां घ्यावी? कोमट जाळीवर शेंडी व साबणाचें पाणी पुरतें. खालच्या ताटलींत तेलातुपाचे थेंब सांचतात, ते दर वेळीं काढावे. तेंच तेल पेटलें, तर पाणी ओतूं नये, भडका उसळतो; गॅस बंद करून झांकण लावावें. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. वाळूला रेवसास काय तोटा!

आमच्या खाऱ्या वाऱ्याचें निराळेंच संकट. विहिरीच्या दोरीची लोखंडी कडी येथें दोन वर्षें टिकत नाहीं. मग या पातळ पत्र्याची काय कथा? न गंजणारें म्हणून मिरविणारें पोलादही मिठानें टिपक्याटिपक्यांनीं खातें. म्हणून शेगडी गोड्या पाण्याच्या फडक्यानें पुसावी, उन्हांत वाळवावी, जाळीस तेलाचा हात द्यावा आणि नंतरच आच्छादन घालावें. ओलसर शेगडीवर घातलेलें आच्छादन आंत दमट ठेवून गंजच वाढवितें.

ज्या गॅसवर हें चालतें, तो हवेच्या सुमारें दीडपट ते दुप्पट जड असतो. धुरासारखा वर न जातां तो जमिनीलगत पसरतो व खळग्यांत, गटारांत सांचतो. खाडीपलीकडे उरणास मुंबई हायचा वायू शुद्ध करून हा गॅस काढितात. त्याच प्रकल्पांत ३ सप्टेंबर २०१९ रोजीं पावसाळी पाण्याच्या गटारांत आग भडकून चौघे दगावले, हें इकडील लोक विसरलेले नाहींत. जेथें नित्य पहारा असतो तेथें असें घडतें, मग आमचें अंगण तें काय! सिलिंडर नेहमीं उभा, मोकळ्या जागीं, मोरीपासून दूर ठेवावा. शेगडी पडवींत अगर मांडवाखालीं पेटवूं नये. पेटवितांना झांकण उघडें असावें. कांहीं क्षणांत न पेटल्यास कळ बंद करून पांच मिनिटें थांबावें.

जोडणी केल्यावर प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी ओढून गळती पाहणारे महाभाग अजून आहेत, त्यांस हात जोडावे! नळी आय. एस. आय. छापाची घ्यावी व पांच वर्षांनीं बदलावी. उंदरानें कुरतडली अगर उन्हानें तडकली तर आधींच. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर 'बी-२७' अशासारखी खूण असते. तिचा अर्थ, २०२७ सालच्या एप्रिल ते जून या तिमाहीपर्यंत त्याच्या तपासणीची मुदत. मुदत टळलेला सिलिंडर परत करावा. गळतीची शंका आल्यास १९०६ या क्रमांकावर दिवसरात्र दाद लागते. आमच्या मामंजींनीं तो आंकडा तुळशीवृंदावनामागील भिंतीवर गेरूनें लिहविला आहे, आणि नातवंडें येतां-जातां तो मोठ्यानें वाचतात.