प्लॅनर इअरफोन घेताय? आधी कानाला विचारा!

नवा इन-इअर मॉनिटर शोधताना 'प्लॅनर' हा शब्द तुम्हाला हमखास दिसेल. नेहमीच्या इअरफोनमध्ये तारेचं छोटं वेटोळं पडदा हलवतं. प्लॅनरमध्ये तारेच्या बारीक रेषा पातळ पडद्यावरच पसरलेल्या असतात, त्यामुळे चुंबकांमध्ये जवळजवळ सगळा पडदा एकदम हलतो. चांगल्या प्लॅनरमध्ये एकेक वाद्य सुटं ऐकू येतं, ते यामुळेच. पण पडदा साधारण 14 मिमीचा, म्हणून इअरफोनही आकाराने मोठा.

मग पारखायचा कसा? आधी सोबतच्या सगळ्या रबरी टिप्स लावून बघा. टिप सैल बसली, तर बेस नाहीसा होतो आणि आपण नकळत आवाज वाढवतो. मग ओळखीचं गाणं लावा. तबल्याचा डग्गा घुमतो का? गायिकेचा 'स' टोचतो का? शेवटी तो तासभर कानात ठेवा. दुखलं, तर आवाज कितीही गोड असो, परत करा.

आणि हो, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवा: मोठ्यांसाठी 80 डेसिबल, मुलांसाठी 75, तेही आठवड्याला 40 तासच. इअरफोन बदलून मिळतो, कान नाही!