घाट बंद असल्याची खबर पनवेललाच मिळाली पाहिजे

भिवंडीहून निघालेली कापडाची गाडी कशेडी घाटाखाली अडकली, हे खेड-चिपळूणच्या दुकानदाराला कधी कळते? ड्रायव्हरचा फोन लागला तर त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी. पण तेव्हा कळून उपयोग काय? महाडहून भोरला जाणारा वरंधा घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट भरलेल्या ट्रकच्या कामाचे नाहीत. मोठ्या गाडीला दुसरी वाट एकच. पुणे, सातारा, कराड करून कुंभार्ली घाटाने चिपळूण. ती वाट पनवेललाच धरावी लागते. पोलादपूरला मिळालेली खबर ही खबर नव्हे, नुसती हळहळ आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. त्यानंतर दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या, कारण पुढे पूल उरलेला नाही हे चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला झाली आणि दुसऱ्याच दिवशी महाड-चिपळूण पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली. अल्लाहची मर्जी, त्या दिवसाबद्दल आमची कोणाकडे तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या दिवसांची. कोणता रस्ता किती वजनाला खुला आहे, हे विचारायला आम्ही चार ठिकाणी फोन केले आणि चार वेगळी उत्तरे मिळाली.

आता बोगदा झाला, तरी सवाल मिटलेला नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात एक बोगदा हलक्या गाड्यांसाठी तात्पुरता उघडला. पुढे तो कधी कामासाठी बंद, कधी एकेरी. आज काय स्थिती आहे हे ड्रायव्हरला भोगावला पोहोचल्यावर दिसायचे. मोबाइलच्या नकाशावर लाल रेघ दिसते खरी, पण ती अपघाताची, दरडीची की जड वाहनांच्या बंदीची, हे त्यावरून समजत नाही. घाटात तर रेंजही जाते.

अडकलेल्या गाडीचा खर्च कोणाच्या माथी, हे आम्हा व्यापाऱ्यांना सांगायला नको. हॉल्टिंग ट्रान्सपोर्टवाला मागतो, ताडपत्रीतून भिजलेल्या गाठी दुकानदार मोजतो. वर ई-वे बिल आहेच. २०० किलोमीटरला एक दिवस, असा २०२१ पासूनचा हिशेब आहे. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घेता येते, पण गाडी थांबली आहे हेच कळले नाही तर वाढवणार कोण? आमच्या एका गाडीची मुदत अशीच संपली. मुनीम घरी झोपला होता आणि ड्रायव्हर घाटाखाली.

खबर नसल्याचा फायदा घेणारेही आहेत. एका सीझनला एका दलालाने ‘घाट बंद आहे, कराडवरून फिरून यावे लागेल’ असे सांगून आमच्याकडून वाढीव भाडे घेतले. गाडी आली ती सरळ महाड-पोलादपूरवरून. बाजारभाव माहीत नसलेल्या काफिल्याला गावाबाहेरच गाठून सौदा करण्यास रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी मनाई केली, ती याच कारणाने. दुसऱ्याच्या बेखबरीवर कमाई करणे तिजारतीत बसत नाही, मग तो सौदा धान्याचा असो की ट्रकच्या भाड्याचा.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. कशेडीला महामार्ग पोलिसांची चौकी आहे. रस्त्याची खरी हालत त्यांना सर्वांआधी कळते. ती तासातासाला पनवेल, माणगाव आणि महाडच्या फलकांवर यावी. वजनाच्या मर्यादेसह, मराठीत आणि हिंदीत. दुसरे, गणपतीच्या दिवसांत सोळा टनांवरच्या गाड्यांना या महामार्गावर बंदी असते. दूध, इंधन, औषधांना सूट मिळते, कापडाला नाही. बंदी जरूर असावी, चाकरमान्यांनी सुखरूप गावी पोहोचावे. पण कोकणातला कापडाचा मोठा सीझन तोच, आणि आदेश निघतो सणाच्या तोंडावर. तो महिनाभर आधी निघाला तर माल लवकर भरता येईल.

तोवर आपण हात बांधून का बसावे? महाड, पोलादपूर, खेड, चिपळूणच्या दुकानदारांनी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून मोबाइलवर एक ग्रुप करावा. त्यात फक्त डोळ्यांनी पाहिलेले लिहावे, वेळ आणि ठिकाण घालून. ‘ऐकले आहे’ असे लिहिणाऱ्याला बाहेर काढावे. आलेल्या खबरेची शहानिशा करण्याचा हुकूम तर सूरह हुजुरातमध्येच आहे. महाडच्या दोघा-तिघांशी आम्ही बोललो आहोत, ते तयार आहेत. पोलादपूरकडून एखादा भरवशाचा माणूस हवा. त्याचे दुकान हायवेलगत असेल तर उत्तम.